जुन्या खून खटल्यात डॉक्टरांचं मत कसं वाचायचं

जुन्या केसेस वाचताना "डॉक्टरांच्या मते मृत्यू अमुक वाजता झाला" असं आलं की बरेचजण तिथेच थांबतात, डॉक्टर म्हणाले म्हणजे विषय संपला. तसं करू नका. आधी डॉक्टरांनी स्वतः काय पाहिलं, हाताला काय लागलं ते लिहून काढा आणि त्यावरून त्यांनी काय अंदाज बांधला ते वेगळं लिहा.

उदाहरण घ्या ॲनी चॅपमनचं. लंडन, ८ सप्टेंबर १८८८, जॅक द रिपर या कधीच न सापडलेल्या खुन्याची केस. हॅनबरी स्ट्रीटच्या २९ नंबर घराच्या मागच्या अंगणात सकाळी सहाच्या सुमारास बॉडी सापडली, साडेसहाला डॉ. बॅगस्टर फिलिप्स आले. त्यांना दिसलं काय, तर अंग गार, फक्त पोटात आतड्यांखाली थोडी ऊब, हातपाय नुकते ताठरायला लागलेले. अंदाज काय, तर जाऊन किमान दोन तास झाले, बहुतेक जास्तच. म्हणजे साडेचारच्या आधी.

आता साक्षीदार बघा. जॉन रिचर्डसन पावणेपाचच्या आसपास त्याच अंगणाच्या पायरीवर बसून बुटाचं चामडं कापत होता आणि तिथे बॉडी नव्हती असं तो ठामपणे सांगतो, शेजारच्या कॅडॉशला साडेपाचच्या जरा आधी कुंपणापलीकडून "नो" ऐकू आलं आणि नंतर काहीतरी कुंपणावर आदळलं, आणि एलिझाबेथ लाँगने तर साडेपाचला ॲनीला एका माणसाशी बोलताना पाहिलं. घड्याळं पाच-दहा मिनिटं इकडेतिकडे असतीलही, पण तिघांचा रोख एकच आहे.

अशा वेळी डॉक्टरांच्या साक्षीतला "पण" शोधा. फिलिप्स स्वतःच म्हणाले होते की सकाळ बऱ्यापैकी गार होती आणि रक्त खूप गेल्यामुळे बॉडी लवकर थंड पडू शकते. त्यात पोट उघडलेलं, बाई आधीच आजारी आणि हलाखीत. फिलिप्स प्रामाणिक होते, त्यांचं अर्धंच वाक्य पुढे ढकलणाऱ्यांनी घोळ घातलाय. कॉरोनर (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) बॅक्स्टरने साक्षीदारांची वेळ धरली, आणि माझ्या मते तेच बरोबर.

दुसरं म्हणजे डॉक्टरांनी बॉडी स्वतः पाहिली होती का हे बघा. खुन्याला शरीररचनेची माहिती होती असं फिलिप्सना वाटलं, डॉ. थॉमस बाँडनी मात्र नोव्हेंबरमध्ये लिहून दिलं की त्याला खाटकाइतकंही ज्ञान नव्हतं. पण रिपरच्या पाच बळींपैकी बाँडनी स्वतः तपासली ती फक्त मेरी केलीची बॉडी, बाकी चार नुसत्या नोंदींवरून!

आणि पोस्टमॉर्टेममध्ये काही सापडलं नाही म्हणजे काही झालंच नाही असंही धरू नका. पुण्याच्या डॉ. अनंत लागू केसमध्ये (डॉक्टरवरच आपल्या रुग्ण बाईला विष दिल्याचा आरोप होता) विष सापडलंच नव्हतं, तरी परिस्थितीजन्य पुराव्यावर सुप्रीम कोर्टाने १९५९ मध्ये शिक्षा कायम केली, तीनपैकी एका न्यायाधीशाचं मत विरुद्ध होतं. ते विरोधी मतसुद्धा नक्की वाचा, डॉक्टरी पुराव्याला किती वजन द्यायचं यावर दोन्ही बाजू तिथे समोरासमोर आहेत.