गेम सुरुवातीला सुरळीत, पंधरा-वीस मिनिटांनी अडखळतो: माझा अनुभव

लक्षण असं: गेमिंग लॅपटॉप, चार्जर लावलेला, सुरुवातीला ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे चित्रं). पंधरा-वीस मिनिटांनी एकदम २०-२५, पंखा जोरात. बंद करून थोड्या वेळाने लावला की पुन्हा ठीक. सिडकोत वरच्या मजल्यावर राहतो, नाशिकच्या एप्रिलमधल्या दुपारी तर हमखास.

ड्रायव्हर नवीन टाकला, गेम पुन्हा इन्स्टॉल केला, सगळी ग्राफिक्स ‘लो’ केली. फरक शून्य, जीव मेटाकुटीला आला.

गेमवर तापमान दिसेल असं केल्यावर कळलं: प्रोसेसर ९५ अंशांपुढे जाऊन स्वतःचा वेग कमी करत होता. ‘लो’ने उलट नुकसान होतं, कारण मर्यादा नसेल तर फ्रेम जास्त निघतात आणि प्रोसेसर आणखी तापतो.

आता क्रम. आधी गेममध्ये फ्रेम रेट लिमिट ६०. मग शॅडो ‘मीडियम’. टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाचा तपशील) ‘हाय’च ठेवा, ग्राफिक्स मेमरी पुरत असेल तर त्याने वेग फारसा घटत नाही. मग विंडोजमध्ये कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज, प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट, मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट. तिथे ‘प्लग्ड इन’ १०० चं ९९ करा, अप्लाय. एका टक्क्याचा प्रश्न नाही, ९९ वर टर्बो बूस्टच (प्रोसेसर गरजेनुसार नेहमीपेक्षा जास्त वेगाने पळवण्याची सोय) बंद होतो. खरा उपाय हाच.

आता भर दुपारीही ६० टिकतात. काही लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. तिथे निदान फ्रेम लिमिट लावाच.