इसार देण्याआधी चार दिवस किल्ली मागा

घर पसंत पडलं की एजंट लगेच टोकनचं बोलायला लागतो. तिथेच थांबा आणि मालकांकडे चार दिवसांसाठी घराची किल्ली मागा. जमिनीतून घरात येणाऱ्या रॅडॉन या किरणोत्सर्गी वायूची चाचणी करायची तर घर सलग बंद ठेवावं लागतं, आणि पैसे हातात पडल्यावर एवढी अडचण सोसायला फारसं कुणी तयार होत नाही.

नाशिकमध्ये म्हसरूळकडचा जुना बंगला बघितला तेव्हा मला हे सुचलं ते मोठ्या दिरांमुळे. ते अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात असतात. तिकडे घर घेताना रॅडॉन मोजून घेणं नेहमीचं आहे, आणि त्याचं कारणही त्याच राज्यात घडलेलं. १९८४ मध्ये स्टॅनली वॉट्रास हे इंजिनिअर लिमरिकच्या अणुवीज केंद्रात कामाला गेले की किरणोत्सर्गाचा गजर वाजायचा. केंद्रात वीजनिर्मिती अजून सुरूही झाली नव्हती. शोध घेतल्यावर कळलं की ते किरणोत्सर्ग स्वतःच्या घरातून अंगावर घेऊन येत होते. त्यांच्या घरातल्या हवेत लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी (किरणोत्सर्ग मोजायचं एक एकक) रॅडॉन होता. तिथली पर्यावरण संरक्षण संस्था ४ पिकोक्युरीलाच उपाय करा म्हणते.

हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. जमिनीतल्या युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रॅडॉन तयार होतो, फरशीच्या भेगांतून आणि पाइपांच्या कडेने वर येतो आणि कोंदट खोलीत साठतो. त्यातून होणारे पोलोनियमचे कण श्वासाबरोबर आत जाऊन फुप्फुसात बसतात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या ३ ते १४ टक्के रुग्णांमागे रॅडॉन असावा असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. घरात कुणी बिडी-सिगारेट ओढत असेल तर त्या माणसाला धोका कितीतरी जास्त.

आता नाशिकचं. आपल्या पायाखाली दख्खनचा काळा बेसाल्ट आहे आणि त्यात ग्रॅनाइटपेक्षा युरेनियम बरंच कमी असतं. त्यामुळे पेनसिल्व्हेनियाची भीती जशीच्या तशी इथे आणू नका. स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावरून घाबरवणारेही भेटतील, पण घरातला रॅडॉन मुख्यतः जमिनीतून येतो, ओट्यामुळे पडणारी भर सहसा अगदी किरकोळ असते. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट घेत असाल तर माझ्या मते या चाचणीवर पैसे घालू नका. पण जुन्या नाशकातला किंवा पंचवटीतला तळघराचा वाडा असेल, बंगल्याला अर्धं तळघर असेल, किंवा तळमजल्याच्या खोलीत एसी लावून रात्रभर दारं-खिडक्या बंद राहणार असतील, तर जरूर मोजा. शेजारच्या घरात आकडा कमी आला म्हणून तुमच्याकडेही कमीच येईल असं नसतं. आमच्या सासऱ्यांना गुडघ्यांमुळे जिना नको होता, खालची खोली त्यांची ठरली होती, म्हणून मी अडून बसले.

उपकरण आणण्याआधी बॅटरी आणि खडू घेऊन एक चक्कर मारा. काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते. तशा जमिनीवरच्या जुन्या घरात फरशी आणि भिंत जिथे मिळतात तिथे फट पडलेली बरेचदा सापडते. नहाणीचा पाइप जमिनीत जातो ती जागा आणि केबल आत येते ते भोकही बघा. ओल वर चढलेली दिसली तर तिथे खडूने खूण करा, कारण त्याच वाटेने जमिनीतली हवाही येऊ शकते. जुने झरोके विटांनी बुजवलेत का, हे तर नक्की विचारा.

मोजायला आकडा दाखवणारं डिजिटल रॅडॉन मीटर घ्या, विकत किंवा कुणाकडून मागून. ते सगळ्यात खालच्या, पण जिथे माणूस खरंच राहणार आहे त्या खोलीत ठेवा. फरशीपासून किमान दीड-दोन फूट उंच स्टूल चालेल. खिडकी, बाहेरची भिंत, स्वयंपाकघर आणि बाथरूम यांच्यापासून लांब. आदल्या दिवशीच, म्हणजे निदान १२ तास आधी, सगळी दारं-खिडक्या लावा आणि चाचणी संपेपर्यंत तशीच ठेवा. ये-जा करायला हरकत नाही, पण दार उघडं टाकू नका. एक्झॉस्ट पंखे बंद. मालकांच्या माणसाला हे नीट समजावून सांगा. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी कुणीतरी चांगल्या मनाने हवा खेळावी म्हणून खिडक्या उघडल्या आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं.

आकडा बेकरेल या दुसऱ्या एककात येतो. लिटरमागे १ पिकोक्युरी म्हणजे घनमीटरला ३७ बेकरेल, म्हणजे अमेरिकेतले ४ इथे घनमीटरला १४८ होतात. जागतिक आरोग्य संघटना १०० च्या आत ठेवा म्हणते आणि ते जमणारच नसेल तर ३०० ची मर्यादा सांगते. दोन-चार दिवसांत मिळतो तो फक्त अंदाज. राहायला गेल्यावर ९० दिवसांची चाचणी करा. त्यासाठी एलआर-११५ सारखी फिल्म असते. रॅडॉनमधून निघणाऱ्या अल्फा कणांचे तिच्यावर ओरखडे उठतात आणि प्रयोगशाळेत ते मोजतात.

घरात बोअरवेल असेल तर पाण्याची बाटली प्रयोगशाळेत द्याच. पाण्यात विरघळलेला रॅडॉन गच्चीवरच्या टाकीत बराचसा उडून जातो. मखमलाबाद-आडगावसारख्या द्राक्षबागांच्या पट्ट्यात मला नायट्रेटची काळजी जास्त वाटते, ते मुद्दाम तपासायला सांगा. गोदावरी, नासर्डी किंवा वालदेवीजवळचं घर असेल तर पूररेषेचा नकाशा महापालिकेच्या नगररचना विभागात बघून या, शेजाऱ्यांच्या आठवणीवर जाऊ नका. सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आणि भोगवटा प्रमाणपत्र वकिलांकडे द्या. आकडा जास्त आला तर दुरुस्तीचा खर्च कोण करणार, हे इसार पावतीतच लिहून घ्या.

आमचा आकडा १३० आला. सौदा मोडला नाही. फरशीच्या कडेची फट भरली, बुजवलेला झरोका फोडून जाळी बसवली. त्याने भागलं नसतं तर फरशीखालून पाइप काढून पंख्याने ती हवा गच्चीवर सोडायची, असं ठरलं होतं. पौषात, नाशिकच्या थंडीत खिडक्या घट्ट लागतात तेव्हा, त्याच स्टुलावर मीटर पुन्हा ठेवलं. चौथ्या दिवशी ७० दिसले, आणि त्या रविवारी आम्ही सासऱ्यांचा पलंग खाली नेला.