माझा अनुभव: श्रीलंकेची दालचिनी, न्हावा शेवा आणि एक स्टिकर

वाशीत मसाल्याचा आमचा छोटा धंदा. श्रीलंकेहून दालचिनी पहिल्यांदाच मागवली, शंभर ग्रॅमच्या पाकिटांत. माल अस्सल होता: पातळ सालींचे थर एकात एक गुंडाळलेले, बोटांनी दाबलं की चुरा होणारे. आपल्याकडे सर्रास मिळणारी जाड, एकाच वळणाची साल ती कॅसिया, ही नव्हे.

माल न्हावा शेव्याला अडकला. एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षा बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या) तपासणीत पाकिटांवर आमचं नाव, पत्ता, परवाना क्रमांक आणि शाकाहारी असल्याचं हिरवं चिन्ह, यातलं काहीच नव्हतं. माल परत पाठवावा लागणार या भीतीने मला रात्रभर झोप नव्हती.

सकाळी आमच्या कस्टम एजंटने नियम दाखवला. एवढ्या त्रुटी कस्टमच्या ताब्यातल्या गोदामातच स्टिकर लावून दुरुस्त करता येतात. स्टिकर एकच, न निघणारा, आणि मूळ मजकूर झाकायचा नाही. दोन माणसं लावून सगळी पाकिटं केली, पुन्हा तपासणी झाली, मग नमुने प्रयोगशाळेत गेले. अहवाल चांगला आला आणि ना-हरकत मिळाली. गोदामाचं भाडं मात्र चांगलंच बसलं.

उत्पादनाची तारीख, मुदत, बॅच क्रमांक, घटक यातलं काही राहिलं असतं तर स्टिकरने भागलं नसतं. ते मुळातच छापून यावं लागतं. आता ऑर्डर पक्की करण्याआधी मी पाकिटाचा फोटो मागवतो आणि भिंग घेऊन एकेक ओळ वाचतो.