डायमंड स्टोनने सुरीला धार लावताना या चुका टाळा

कोन धरणाऱ्या साधनात सुरी पकडीत घट्ट बसलेली, सांध्यावर फिरणाऱ्या दांड्यावर स्टोन, कोन ठरवलेला. एवढं सगळं जागेवर असूनही अर्धा तास घासल्यावर सुरी कागद कापण्याऐवजी फाडते, तेव्हा दोष स्टोनला दिला जातो, नाहीतर सुरीच्या पोलादाला. बहुतेक वेळा दोष या दोन्हींचा नसतो. कोन धरणारं साधन फक्त कोन धरतं. स्टोन धारेच्या अगदी शेवटच्या रेषेपर्यंत पोचला की नाही, हे त्याला कळत नाही. ते आपणच तपासायचं असतं. म्हणून आधी त्याबद्दलच सविस्तर लिहितो.

स्टोन धारेला टेकतच नाही

समजा, सुरीला मुळात दर बाजूला 22 अंशांची धार आहे. स्वयंपाकघरातल्या सुरीला दर बाजूला 15 ते 20 अंश चालतात, असं वाचून आपण साधन 17 वर लावतो. आता स्टोन घासला जातो तो उताराच्या (धारेकडे तिरप्या झालेल्या पट्टीच्या) वरच्या खांद्यावर, म्हणजे उतार जिथे सुरू होतो तिथे. धारेच्या रेषेला त्याचा स्पर्शही होत नाही. धातू निघतो, चकाकीही येते, आणि सुरी होती तितकीच बोथट राहते.

यावर उपाय म्हणजे साधा मार्कर. उतारावर धारेपर्यंत शाई फासा, स्टोनचे दोन-तीन हलके हात मारा आणि उजेडात बघा. शाई फक्त वरच्या खांद्यावरून गेली असेल तर कोन कमी पडतोय. फक्त धारेलगत गेली असेल तर कोन जास्त आहे. सगळी सारखी गेली तर कोन जुळला. कोन मुद्दाम कमी करायचा असेल तर जाड ग्रिटचा, म्हणजे मोठ्या कणांचा, स्टोन लावून खांदा पूर्ण उतरेपर्यंत थांबावं लागतं. जुन्या, जाड झालेल्या सुरीवर हे काम खरंच वेळ खातं, पण ते एकदाच करायचं असतं. तेवढा वेळ नसेल तर आहे तोच कोन धरा, त्यात काही बिघडत नाही.

कोन वाचताना आणखी एक घोटाळा होतो. काही ठिकाणी दर बाजूचा कोन दिलेला असतो, काही ठिकाणी दोन्ही बाजूंचा मिळून. एकूण 30 म्हणजे दर बाजूला 15. तिथे दर बाजूला 30 लावले तर धार कुऱ्हाडीसारखी जाड होते.

स्टोन धारेला पोचल्याची खरी खूण म्हणजे बर. एका बाजूने घासत गेलं की धारेवरचा धातू पातळ होऊन दुसऱ्या बाजूला वळतो. त्या बारीक, खरखरीत किनारीला बर म्हणतात. घासत नसलेल्या बाजूवर अंगठा पाठीकडून धारेकडे नेऊन हवेत सोडा, बर अडकल्यासारखी जाणवते. अंगठा धारेच्या लांबीने कधीही फिरवू नका. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागली, तरच सुरी उलटा. मधे एक सेंटिमीटर जरी गुळगुळीत लागला, तरी तिथे काम बाकी आहे. मग दुसऱ्या बाजूनेही त्याच स्टोनने बर आणा आणि त्यानंतरच बारीक ग्रिटकडे वळा. ‘दर बाजूला वीस हात’ असले हिशेब मला घातक वाटतात. बोथटपणा प्रत्येक सुरीचा वेगळा असतो, मग हातांची संख्या सारखी कशी असेल?

धार येते, पण दोन दिवसांत जाते

इथे बहुधा बर काढायची राहिलेली असते. उभी राहिलेली बर सुरुवातीला वस्तऱ्यासारखी कापते, आणि थोड्याच वापरात वाकते किंवा तुटते. मग आपण म्हणतो, पोलाद हलकं आहे.

शेवटच्या स्टोनवर एक हात या बाजूने, एक त्या बाजूने असे आळीपाळीने हात मारा. दाब फक्त स्टोनच्या वजनाचा. या टप्प्यात स्टोन धारेकडून पाठीकडे सरकू द्या. उलट दिशेने ओढला तर बर पुन्हा लांब होते. ही हालचाल धारेच्या समोरून होते, म्हणून बोटं स्टोनच्या कडेखाली उतरू देऊ नका. त्यानंतर चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे ठेवून दोन्ही बाजूंनी पाच-सात वेळा ओढा. पट्ट्यावर जोर दिला तर चामडं दबून धारेभोवती वळतं आणि धार गोल होते. सुरी उजेडाखाली धार वर करून धरा. जिथे पांढरी रेघ चमकते, तिथे बर राहिली आहे किंवा धार बोथट आहे. नीट लागलेली धार चमकत नाही.

टोकाकडे उतार रुंद होतो

धारेच्या सरळ भागावर दांड्याचा कोन मुठीजवळ आणि मध्यावर सारखाच राहतो, कारण दांड्याचा सांधा आणि सरळ धार मिळून एकच प्रतल बनतं. (हे कागदावर काढून बघितलं तेव्हा मला फार आनंद झाला होता.) कोन बदलतो तो पातं वळतं तिथे. पकड मुठीच्या फार जवळ असेल तर टोकाशी कोन कमी होतो आणि उतार पसरट दिसतो. पकड टोकाच्या दिशेने थोडी सरकवा. जास्त सरकवली तर उलट होतं, टोकाशी कोन वाढून उतार अरुंद होतो. मार्कर लावून एक-दोनदा जागा बदलली की योग्य जागा सापडते. तिचं मुठीपासूनचं अंतर लिहून ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी पातं तिथेच बसवता येईल.

टोक गोल होण्याचं कारण वेगळं आहे. हात संपताना स्टोन टोकावरून खाली घसरतो. स्टोनची निम्मी रुंदी अजून पात्यावर असतानाच थांबा आणि स्टोन उचला.

जोर लावणं

डायमंड स्टोनमध्ये बहुधा पोलादी पट्टीवर निकेलच्या थरात हिऱ्याचे कण रुतवलेले असतात. दाबून घासलं की हे कण उपटून येतात आणि स्टोन अकाली निकामी होतो. शिवाय पातळ पातं वाकतं, म्हणजे ठरवलेला कोनही जातो. नवा स्टोन सुरुवातीला फार खरखरीत चालतो आणि खोल ओरखडे पाडतो, नंतर मऊ होतो. तो झिजला असं समजू नका, वर आलेले कण निघून तो बसतो आहे. पहिल्या काही सुऱ्या जुन्यापुराण्या घ्या.

स्टोन बदलताना कोन तपासत नाही

सगळे स्टोन सारख्या जाडीचे नसतात. सांध्यापासून धार 150 मिलिमीटरवर असेल तर जाडीतल्या 1 मिलिमीटरने कोन सुमारे 0.4 अंशाने बदलतो. बारीक स्टोन जाडीला वेगळा निघाला तर तो धारेऐवजी खांदाच चमकवत बसेल. प्रत्येक स्टोन बदलताना पुन्हा मार्कर लावा.

मधली ग्रिट वगळायचा मोहही टाळा. मेशचा आकडा जितका मोठा, तितके कण बारीक. डीएमटी कंपनीच्या स्टोनमध्ये 325 मेशचे कण 45 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), 600 चे 25 आणि 1200 चे 9 मायक्रॉनचे असतात. 325 वरून थेट 1200 वर गेलात तर 45 मायक्रॉनचे ओरखडे 9 मायक्रॉनच्या कणांनी काढत बसावं लागेल. रोजच्या सुरीसाठी 600 ते 1000 वर थांबायला माझी हरकत नाही, उलट थोडी दातेरी धार टोमॅटोची साल चांगली धरते.

पकड आणि सफाई

पात्यावर ओरखडे पडू नयेत म्हणून चिकटपट्टी लावलीत तर दोन्ही बाजूंना सारखी लावा, नाहीतर पातं एका अंगाला कलतं. सांध्यात दांडा डुगडुगत असेल तर आधी तो कसा.

डायमंड स्टोन भिजत घालायचा नसतो. कोरडा चालतो, किंवा पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरतो. लोखंडाचा कीस साचून स्टोन काळा आणि गुळगुळीत झाला की तो कापत नाही. साबण आणि जुन्या टूथब्रशने घासून धुवा आणि लगेच कोरडा करा, नाहीतर पट्टीला गंज चढतो. सुरीही वापरण्याआधी धुवा, पात्यावर तोच कीस असतो.