टर्बियमची जाळी जमेना, तेव्हा काय केलं : माझा अनुभव

टर्बियम या धातूचं नायट्रेट, जोडणारा सेंद्रिय रेणू म्हणून टेरेफ्थॅलिक अॅसिड, द्रावक म्हणून डीएमएफ. तीन महिने ओव्हनमध्ये कुप्या घातल्या, काढल्या. मला हवी होती ती सहा-सहा टर्बियम अणूंचे गुच्छ सेंद्रिय रेणूंनी बारा बाजूंनी जोडलेली, छिद्रं असलेली स्फटिक जाळी (एमओएफ). एक्सआरडीवर (क्ष-किरणांनी स्फटिकाची रचना ओळखायची चाचणी) मात्र दर वेळी भलतीच फेज, म्हणजे वेगळीच स्फटिकरचना. यूव्ही दिव्याखाली पूड छान हिरवी चमकायची, म्हणून आठवडाभर मी खुशीत! टर्बियम चुकीच्या फेजमध्येही हिरवंच चमकतं, हे नंतर डोक्यात शिरलं.

तापमान बदललं, पाणी वाढवलं. व्यर्थ. चूक मुळातच होती. टर्बियमसारख्या लँथनाइड धातूंचे आतले ४f इलेक्ट्रॉन बंधात फारसे पडत नाहीत, त्यामुळे धातूला स्वतःचा ठाम भूमिती-हट्ट नाही. भोवतालच्या आठ-नऊ जागा भरल्या की झालं, मग त्या कार्बॉक्सिलेटने (अॅसिडचा धातूला धरणारा गट) भरोत की पाण्याने. आकार ठरवायचा तो लिगंडनेच, म्हणजे धातूला धरणाऱ्या रेणूंनी.

सौदीतल्या काउस्ट विद्यापीठातल्या गटाने २०१३ साली दाखवलेली युक्ती शेवटी वापरली : २-फ्लुओरोबेन्झॉइक अॅसिड, टेरेफ्थॅलिकच्या कितीतरी पट, सोबत थोडं नायट्रिक. ११५ अंश, अडीच दिवस. एकच कार्बॉक्सिल असल्याने ते जाळी विणत नाही, पण धातूच्या जागा अडवून स्फटिक सावकाश वाढू देतं. शेजारचा फ्लोरिनही गप्प बसत नाही. तो सुटून गुच्छात शिरतो, असं पुढे इतरांच्या कामातून कळलं.

कुपीच्या तळाशी बारीक अष्टफलक स्फटिक दिसले. एक्सआरडी जुळला. आता टेरेफ्थॅलिकऐवजी आखूड फ्युमॅरिक अॅसिड घातलंय. जाळी तीच, छिद्रं लहान हवीत.