रुंद टायर टाकण्याआधी
गाडी रुबाबदार दिसावी म्हणून 185 मिमी रुंदीचे टायर काढून थेट 205 चे टाकायचा मोह होतो, पण आधी स्टिअरिंगचा विचार करा. कोरड्या वळणावर रुंद टायर पकड देतो, हे खरं. मात्र मेनरोडच्या गर्दीत गाडी लावताना स्टिअरिंग जड लागतं, आणि रस्त्यावर चाकोऱ्या पडल्या असतील तर गाडी त्यांच्यामागे ओढली जाते. पावसात कसारा घाट उतरताना तर फारच जपा. साचलेल्या पाण्यावर रुंद टायर लवकर तरंगतो.

माझं मत विचाराल तर एकच पायरी वाढवा. 185/65 आर 15 (मिमीत रुंदी, बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि इंचांत रिमचा व्यास) च्या जागी 195/60 आर 15 घेतला तर चाकाचा व्यास जेमतेम 1 टक्क्याने कमी होतो. रिमचा ऑफसेट, म्हणजे चाक किती आत किंवा बाहेर बसतं ते, मात्र मूळचाच ठेवा. चाक बाहेर आलं की खड्ड्याचा झटका थेट हातात येतो.

स्प्रिंग बदलून गाडी खाली बसवली असेल, तर टो (वरून पाहिल्यास चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत) आणि कॅम्बर (समोरून पाहिल्यास चाक किती कललेलं आहे) बदलतात. त्याच दिवशी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे हे कोन जुळवून घ्या. नंतर अधूनमधून टायरवरून आडवा हात फिरवा. एका दिशेने करवतीसारखा लागला, तर टो बिघडलाय.