हरळीचे गालिचे अंथरल्यानंतरचे पहिले तीन आठवडे

नर्सरीत बर्म्युडा ग्रास म्हणून मिळणारे लॉन म्हणजे मुळात आपली हरळीच, गणपतीला आपण जी दूर्वा वाहतो तिच्याच कुळातली. शेतातली हरळी कितीही खणली तरी पुन्हा उगवते, हे ठाऊक असल्यामुळे या गवताला जपण्याची गरज नाही असा अनेकांचा समज असतो. परंतु हरळीचा सारा चिवटपणा तिच्या खोल मुळांत आणि जमिनीखालच्या आडव्या खोडांत असतो, आणि गालिचा, म्हणजे मातीसकट कापून गुंडाळलेली गवताची पट्टी, कापताना नेमका तोच भाग मागे राहतो. आपल्या हाती येते ते मातीच्या पातळ थरावर तगून असलेले, मुळे तुटलेले गवत. म्हणून त्याला नुकत्याच लावलेल्या रोपासारखे जपावे लागते.

गालिचे ज्या दिवशी येतील त्याच दिवशी अंथरावेत, कारण गुंडाळलेल्या अवस्थेत ते आतून तापतात आणि पिवळे पडतात. अंथरून, दाबून झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिले पाणी द्यावे, आणि ते इतके द्यावे की गालिच्याखालची जमीनही बोटभर ओली झाली पाहिजे. वरून पाती भिजलेली दिसतात, पण खाली माती कोरडी असते, ही नेहमीची फसगत आहे; एक कोपरा उचलून बोट खुपसून पाहिल्याशिवाय खात्री धरू नये. पुढचे दहा-बारा दिवस उन्हाच्या मानाने दिवसातून दोन-तीन वेळा थोडे थोडे पाणी लागते. गालिच्यांच्या कडा आणि सांधे सर्वांत आधी वाळतात. पाती निळसर-करडी दिसू लागली आणि चाललेल्या पावलाचा ठसा तसाच राहिला, तर संध्याकाळची वाट न पाहता लगेच पाणी द्यावे.

इंदूरच्या काळ्या मातीत मात्र उलट चूकही होते, आणि ती मी स्वतः केली आहे. जुलैच्या सुरुवातीला अंगणातली घट्ट बसलेली जमीन न खणताच मी गालिचे अंथरले आणि पाऊस सुरू असूनही नेमाने पाणी देत राहिले. दहाव्या दिवशी कोपरा उचलला, तेव्हा खाली चिखल होता, कुजका वास येत होता आणि एकही नवे मूळ दिसत नव्हते. काळी माती पाणी धरून ठेवते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. त्यामुळे आधी वीतभर खणून शेणखत व वाळू मिसळावी, मीटरमागे एक-दोन सेंटिमीटर उतार ठेवावा आणि पावसाच्या दिवशी नळी बंदच ठेवावी. तो तुकडा मला काढून टाकावा लागला, बाकीचे लॉन पाणी थांबवल्यावर वाचले.

दोन आठवड्यांनी कोपरा हलकेच ओढून पाहावा. गालिचा जमिनीला धरून बसला असेल आणि खाली दोऱ्यासारखी पांढरी मुळे दिसत असतील, तर पाण्याच्या वेळा कमी करून प्रत्येक वेळी जास्त पाणी द्यावे, म्हणजे मुळे खोल जातात. पाऊस नसताना आठवड्याला सुमारे २५ मिलिमीटर पाणी पुरते. म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, २० चौरस मीटरच्या अंगणाला ५०० लिटर. जलूदहून उपसून आणलेले नर्मदेचे पाणी आपण वापरतो, तेव्हा हा हिशेब टाकीकडे पाहून आधीच केलेला बरा. मुळे धरेपर्यंत लॉनवर चालणे, खुर्च्या मांडणे, मुलांचे खेळणे टाळावे.

पहिली कापणी मुळे धरल्यावरच करावी, तीही कोरड्या जमिनीवर आणि धारदार पात्याने. एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशापेक्षा जास्त कापू नये. पुढे तीन-चार सेंटिमीटर उंची घरच्या लॉनला चांगली. साधारण चौथ्या आठवड्यात चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया, पाती ओली नसताना सारखा पसरून लगेच भरपूर पाणी द्यावे, नाहीतर पाती करपतात. सांध्यांतून मोथा डोके काढतो. तो वरून न ओढता खालच्या गाठीसकट खुरप्याने काढावा.

ज्या कोपऱ्यात सहा तास ऊन पडत नाही तिथे हे गवत विरळच राहते, तिथे दुसरे काही लावावे. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत ते पिवळे, तपकिरी होते, तेव्हा ते मेले समजून खत-पाण्याचा मारा करू नये; अधूनमधून जमीन ओली ठेवावी, मार्चमध्ये ऊन चढले की त्याच खोडांतून हिरवे फुटवे येतात.